खेळण्यातली टॅक्सी, खरा रस्ता

नमस्कार श्रोतेहो.

मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी अधिकृतपणे रस्त्यावरून उतरली. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली होती २९ ऑक्टोबर २००३ला आणि मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते, ती संपली. त्याच्या दीडेक महिना आधी, १५ सप्टेंबरला, बेस्टची जुनी डिझेलवरची लाल डबलडेकर शेवटची धावली. आता पावसानं भिजलेल्या रस्त्यावर उभ्या असलेल्या पद्मिनीचा फोटो कुणाला काढावासा वाटला, तर गाडी आणायची कुठून? माझं उत्तर आहे, कपाटातून. संग्राहक मंडळी जपून ठेवतात ती धातूची छोटी मॉडेलं, ज्यांना आपण डायकास्ट म्हणतो, त्यांचा असा फोटो निघू शकतो की बघणारा क्षणभर रस्ताच बघतो. तो कसा निघतो, हे आज सांगणार आहे.

पुष्कळांना वाटतं की ही सगळी संगणकाची करामत. मला तसं वाटत नाही. संकलनाचं, एडिटिंगचं काम असतं, पण ते शेवटी. चित्र खरं वाटायला लागतो सूर्यप्रकाश, कॅमेऱ्याची योग्य उंची आणि धूळ. हे तिन्ही जमलं नसेल, तर पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर हात देत नाही.

आधी मापाचं बोलू. मॉडेलवर १:६४ असं लिहिलेलं असतं, म्हणजे एकास चौसष्ट: खरी गाडी मॉडेलच्या चौसष्टपट मोठी. या मापात पद्मिनी भरते जेमतेम सहा सेंटिमीटर. १:४३ मध्ये नऊ सेंटिमीटर, आणि १:१८ मध्ये चांगली वीतभर. पण छोट्या गाड्यांच्या मापावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. १९५३मध्ये इंग्लंडमध्ये मॅचबॉक्सच्या गाड्या निघाल्या, त्यांची कल्पनाच मुळी काड्यापेटीच्या आकाराच्या डबीत मावण्याची होती. डबी एकाच मापाची, म्हणून बसही तेवढीच आणि मोटारही तेवढीच. १९६८पासूनच्या हॉट व्हील्सचंही बरंचसं तसंच. अशी बस आणि मोटार एका चौकटीत शेजारी उभी केली, की चित्र तिथंच फसतं. बस मागं, बरीच लांब ठेवली तर निभावतं.

आता या छंदातलं मला सगळ्यात मोठं वाटणारं नाव घेतो. मायकेल पॉल स्मिथ. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये विंचेस्टर गावी राहत, २०१८मध्ये वारले. १:२४ मापाच्या गाड्या आणि स्वतः बनवलेली घरं-दुकानं वापरून त्यांनी एल्गिन पार्क नावाचं एक गाव फोटोत उभं केलं, विसाव्या शतकाच्या मध्यावरचं. ते गाव नकाशावर कुठंच नाही. स्मिथ काय करत? एक टेबल उघड्यावर नेत, त्यावर मॉडेलं मांडत आणि टेबल अशा जागी लावत, की मागची खरी झाडं आणि खऱ्या इमारती मॉडेलच्या मापात बसतील. इमारत जितकी दूर तितकी ती लहान दिसणार. तेवढं अंतर साधलं की फळीवरचा रस्ता आणि पलीकडची वस्ती एक होऊन जाते. कॅमेरा साधा, खिशात मावणारा. दोन फोटो जोडण्याची त्यांना गरज पडत नसे, जोड जागेवरच झालेली असे.

आणि ते उन्हात का जात, यात एक सुंदर भौतिकशास्त्र दडलंय. सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे, त्यामुळे त्याचे किरण खऱ्या गाडीवर आणि खेळण्यावर सारखेच, जवळजवळ समांतर पडतात. आकाशात सूर्याची थाळी साधारण अर्धा अंश रुंद दिसते, म्हणून कुठल्याही सावलीची कड किंचित मऊ असते. सावली जितकी दूर पडेल तितकी जास्त मऊ. मॉडेलची सावली चौसष्टपट आखूड, म्हणून कडेचा मऊपणाही चौसष्टपट कमी. सगळं आपोआप प्रमाणात! सूर्याला मॉडेल आणि गाडी यांच्यात फरकच कळत नाही. याउलट घरातली चार फुटी ट्यूब १:६४च्या गाडीजवळ आणली, तर त्या गाडीच्या जगात तो पाऊणशे मीटरपेक्षा लांब दिवा झाला. असा दिवा कुठल्या रस्त्यावर असतो? म्हणून सकाळचं किंवा दुपार उतरतानाचं ऊन गाठा. गच्ची, गॅलरी, खिडकीचा कट्टा, काहीही चालेल.

उंचीचं गणितही असंच सोपं आहे. रस्त्यावर उभ्या उंचशा माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १६५ सेंटिमीटरवर असतात. त्याला चौसष्टनं भागा: अडीच सेंटिमीटरच्या थोडंसं वर. १:४३ला पावणेचार, १:१८ला नऊ. कॅमेऱ्याची भिंग इतक्या खाली यायला हवी. आपण मात्र खुर्चीत बसून खेळण्याकडे वरून बघत फोटो काढतो, आणि मग ते खेळणंच दिसतं. मोबाइल उलटा धरा, म्हणजे भिंग खालच्या कोपऱ्यात येते आणि फळीला जवळजवळ टेकते. एक ताळाही सांगतो. माणूस उभा राहून बघतो तेव्हा क्षितिज त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. पद्मिनीचं टप डोळ्यांच्या थोडं खाली येतं. तेव्हा चित्रात क्षितिजाची रेघ टपाच्या किंचित वरून गेली पाहिजे. ती बॉनेटमधून जात असेल किंवा टपाच्या पार वर असेल, तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे कळतं.

जवळून फोटो काढताना आणखी एक अडचण येते. फोकसचा पट्टा अगदी अरुंद होतो: पुढचा दिवा स्पष्ट आणि मागची काच धुरकट. खरी गाडी पंधरा-वीस फुटांवरून बघताना असं कधी होत नाही, म्हणून ती धुरकट काचच वस्तू लहान असल्याची चुगली करते. उपाय असा, की थोडं मागं सरका आणि नंतर चित्र कापून घ्या. मोठा कॅमेरा असेल तर अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येतो ते भिंगाचं छिद्र, एफ ११ किंवा १६पर्यंत बारीक करा; आकडा मोठा तितकं छिद्र लहान. त्याहून बारीक केलं तर प्रकाशाच्या विवर्तनानं, म्हणजे बारीक छिद्रातून तो पसरत असल्यानं, सगळंच मऊ पडू लागतं. मोबाइलचा सेन्सर मुळात इवलासा, त्यामुळे त्याचा पट्टा आपसूक रुंद असतो, आणि या कामात महागड्या कॅमेऱ्यापेक्षा तो अनेकदा बरा पडतो. फक्त मागचं मुद्दाम धुरकट करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा. धुरकटपणाच हवा असेल तर गोष्ट वेगळी. डेव्हिड लेव्हिन्थाल या अमेरिकन छायाचित्रकारानं १९७०च्या दशकात खेळण्यातल्या सैनिकांचे युद्धदृश्यांसारखे फोटो काढले, ते त्या अस्पष्टतेच्या जोरावर. धुक्यातून दिसावं तसं युद्ध दिसतं आणि प्लॅस्टिक दिसत नाही.

धुळीविषयी मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथं आपल्या घरातलं सामान परदेशी डब्यांपेक्षा सरस आहे. अंगणातली साधी वाळू घेतली, तर तिचा अर्ध्या मिलिमीटरचा कण १:६४च्या जगात तीन सेंटिमीटरची खडी होतो. रस्त्याचं काम चाललंय असं दाखवायचं असेल तर ठीक, एरवी नाही. धूळ हवी वस्त्रगाळ. आजी औषधासाठी सुंठ जशी फडक्यातून गाळायची, अगदी तशीच माती गाळायची. कोकणातली तांबडी माती वेगळी ठेवा, देशावरची काळी वेगळी; चित्र कुठलं आहे हे मातीच सांगते. गंजाला गेरूची पूड. ही पूड मऊ ब्रशनं लावायची, तीही सगळीकडे नाही. चाकांमागं, दारांच्या खालच्या कडेला, मागच्या नंबरप्लेटच्या आसपास. पुढच्या काचेवर मात्र वायपर फिरतो तेवढे दोन कमानीसारखे भाग स्वच्छ सोडा. या दोन कमानी दिसल्या की गाडी चालती होते, तिला कुणीतरी चालवलंय असं वाटतं. डिंक, गोंद काही वापरू नका. कोरडी पूड ब्रशनं झटकली की गेली, आणि संग्रहातलं मॉडेल होतं तसं राहतं. जे लोक पाकीटसुद्धा न फोडता गाड्या जपतात त्यांची काळजी मला समजते, पण उन्हात न गेलेल्या गाडीची मला कणव येते.

पावसाळ्यात भिंतीवर धरलेलं शेवाळ खरवडून वाळवा, ते रस्त्याकडेचं गवत. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण अळीव पेरतो. मावळ्यांना ते शोभतं, पण तीन सेंटिमीटर वाढलेलं अळीव १:६४च्या गाडीशेजारी दोन मीटरची झुडपं होतात, हे लक्षात असू द्या.

पाणी हा सगळ्यात हट्टी पदार्थ. पृष्ठताण काही आपल्यासाठी चौसष्टपट कमी होत नाही. गाडीवर पाणी शिंपडलं तर दोन मिलिमीटरचा थेंब तेरा सेंटिमीटरचा ठरतो, टपावर शहाळी मांडून ठेवल्यासारखा. त्यामुळे छोट्या मापात खरे थेंब नकोतच. ओल्या रस्त्यासाठी घोटीव कडप्प्याचा तुकडा घ्या आणि ओल्या फडक्यानं पुसा. पाण्याचा थर जेमतेम असावा. त्यात गाडीचं प्रतिबिंब पडतं आणि मागं निळसर आकाश उतरतं. बरसणारा पाऊस मात्र संकलनात घालावा.

आता तिकडेच वळू. फोटोशॉप असेल तर उत्तमच, पण गिम्प फुकट मिळतं आणि मोबाइलवर स्नॅपसीड आहे. मागचं दृश्य वेगळं काढणार असाल, समजा गिरगावातली एखादी गल्ली, तर ते उभं राहून, डोळ्यांच्या उंचीवरून काढा, आणि ऊन ज्या बाजूनं होतं ती बाजू टिपून ठेवा. मॉडेलवर ऊन त्याच बाजूनं यायला हवं. ही गोष्ट नंतर दुरुस्त होत नाही. गाडी कापून गल्लीत ठेवली की ती हवेत तरंगल्यासारखी दिसते, कारण टायर जिथं टेकतो तिथली अगदी काळी, बारीक सावली नसते. ती हातानं रंगवावी लागते. खऱ्या टायरवर गाडीचं वजन असतं, त्यामुळे तो खाली किंचित दबलेला असतो; मॉडेलचा टायर पूर्ण गोल. तळाशी कणभर फुगवटा द्या. साच्याची शिवण दिसत असेल तर पुसून टाका. खिडकीच्या जाड प्लॅस्टिकवर समोरच्या चाळीचं पुसट प्रतिबिंब चढवलं की ती काच होते. शेवटी दोन्ही चित्रांवर एकच रंगछटा आणि एकसारखा बारीक दाणा, म्हणजे ग्रेन, टाका, म्हणजे दोघं एकाच कॅमेऱ्यातून आल्यासारखी वाटतात. चित्राची धार, म्हणजे शार्पनेस, वाढवायचा मोह टाळा.

जाहिरातवालेही या वाटेनं गेलेत. मेक्सिकोतल्या कान्कूनचे छायाचित्रकार फेलिक्स हर्नांदेझ यांनी ऑडीच्या आर-आठ गाडीची चित्रं खेळण्यातली गाडी घेऊन केली, आणि ती कंपनीसाठीच केली.

तपशिलाची आणखी एक गोष्ट. टॅक्सीचं माझं एक चित्र मी शेजारच्या काकांना दाखवलं, त्यांनी पुष्कळ वर्षं टॅक्सी चालवलेली. त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मीटर कुठाय रे?" जुन्या टॅक्सीचा लोखंडी मीटर बाहेर, डाव्या अंगाला काचेपुढं बसवलेला असे, हातानं पाडायच्या पट्टीचा. मॉडेलवर तो नव्हता. काड्यापेटीच्या काडीचा पाच मिलिमीटरचा तुकडा घेतला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली, कागदाची पट्टी लावली. काकांनी मग पट्टी कुठल्या कोनात असली की टॅक्सी रिकामी, तेही सांगितलं. तुमच्या आसपास असे चालक, कंडक्टर, गॅरेजवाले असतील. फोटो काढण्याआधी त्यांच्याशी बोला.

एक विनंती कळकळीनं करतो. अशा चित्राखाली मॉडेल आहे हे लिहाच. १९३४मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रात स्कॉटलंडमधल्या लॉख नेस तळ्यातल्या राक्षसाचा जो जगप्रसिद्ध फोटो छापून आला, तो खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेल्या मानेचा होता, आणि ते उघड व्हायला १९९४ उजाडलं. तेव्हा निदान कुणाचं घर उद्ध्वस्त झालं नाही. आज घाटात कोसळलेल्या बसचं चित्र कुणी मॉडेलवरून केलं आणि ते न सांगता व्हॉट्सॲपवर सोडलं, तर ज्यांची माणसं प्रवासात आहेत त्यांच्या जिवाचं काय होईल? अपघाताची, दंगलीची, पुराची अशी दृश्यं करूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

स्मिथ आपल्या चित्रांसोबत टेबल, फळी आणि मागचा खरा रस्ता दिसेल असे फोटोही लोकांना दाखवत. गुपित उघडं करूनही त्यांच्या चित्रांचे चाहते घटले नाहीत. उलट बघणारे पुन्हा पहिल्या चित्राकडे जाऊन जोड शोधत बसत. तुम्हीही तसंच करा. एक फोटो चौकटीतला आणि एक चौकटीबाहेरचा, ज्यात कडप्पा, ब्रश, मातीची वाटी आणि उलटा धरलेला मोबाइल दिसेल. मापही लिहा, आणि मागची गल्ली कुठली तेही.

नमस्कार.