भिंतीपलीकडचा पत्ता

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला फोन आला. "काका, पार्सल आहे. मी लोकेशनवरच उभा आहे, पण तुमची बिल्डिंगच दिसत नाही." आमचं घर तळमजल्यावर. मी चप्पल अडकवून फाटकापर्यंत जाऊन आलो, तिथे कुणीच नाही. विचारलं, "तुझ्यासमोर काय दिसतंय?"

"भिंत."

"कसली?"

"दगडी. वर काचा लावल्यात. पलीकडे पेरूचं झाड आहे."

पेरू आमचाच. म्हणजे पोरगा आमच्या सोसायटीच्या मागच्या बोळात उभा होता, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून जेमतेम पंधरा फुटांवर. फोनमधली बाई 'आपण पोहोचलात' म्हणून मोकळी झाली होती. त्याला खरोखर माझ्या दारात यायचं, तर बोळातून उलटं जायचं, डेअरीला वळसा, पुढे वन-वे, म्हणजे पाऊण किलोमीटर सहज. शेजारचे गृहस्थ त्यांच्या खिडकीतून म्हणाले, "सॅटेलाइट गंडलाय हो आज."

इथे मला जरा राग आला. मी जन्मभर भूकरमापक म्हणून काम केलं. लोकांच्या भाषेत मोजणीदार. नोकरीला लागलो तेव्हा हातात ३३ फुटांची साखळी होती. साखळी लांब, साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. निवृत्त होताना काठीवर रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा काढणारं यंत्र होतं, आणि ते बांधाचा कोपरा दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकाने सांगायचं. तेव्हा कुणी उपग्रहाला नावं ठेवली की मला बोलावंच लागतं.

तुम्ही आत्ता रेडिओ ऐकताय. मी बोलतोय, पण तुम्ही कोथरूडला आहात की खराडीला, पोळ्या लाटताय की रिक्षात बसलाय, मला काही कळत नाही. जीपीएसच्या उपग्रहाचंही तसंच आहे. तो २०,२०० किलोमीटरवरून दिवसाला दोन प्रदक्षिणा घालत एकच गोष्ट सांगत असतो: मी अमुक जागी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. फोन ते नुसतं ऐकतो. संदेशाला यायला किती वेळ लागला यावरून उपग्रह किती लांब आहे ते काढतो, आणि असे किमान चार उपग्रह ऐकू आले की स्वतःची जागा ठरवतो. चौथा कशाला? फोनचं घड्याळ स्वस्तातलं असतं, त्याची चूक धरायला. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची गफलत झाली तरी जागा ३०० मीटर सरकते. आपल्यावर वरून कुणी नजर ठेवून आहे असं वाटणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की वरच्याला आपण आहोत हेही माहीत नसतं. (फोन ती जागा पुढे कुणाकुणाला कळवतो, तो वेगळा विषय. त्यात उपग्रहाचा हात नाही.)

हे उपग्रह अमेरिकेचे, आणि मे २००० पर्यंत ती सामान्य लोकांच्या संदेशात मुद्दाम चूक घालत असे. तेव्हा शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. सदाशिव पेठेत शंभर मीटर म्हणजे दोन-तीन बोळ. आता मोकळ्या आकाशाखाली साधा फोन पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो. नारायण पेठेतल्या अरुंद गल्लीत मात्र संदेश इमारतींवर आपटून उशिरा पोहोचतो, आणि निळा ठिपका बेडकासारखा शेजारच्या गल्लीत उडी मारतो. तेवढा दोष उपग्रहाच्या पदरात घालायला माझी हरकत नाही.

पण त्या दिवशी ठिपका चुकला नव्हताच. उपग्रह एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: मी कुठे आहे? 'अमुक अमुक कुठे राहतात' हा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नाही. त्याचं उत्तर नकाशाच्या मागे नावांची एक वही असते, तिच्यातून येतं. घोळ आहे तो त्या वहीत, आणि त्यात आमच्या खात्याच्या नंबरांचाही वाटा आहे.

पेठेतल्या पत्त्यात जो नंबर असतो तो दाराचा नंबर आहे असा सगळ्यांचा समज असतो. तो असतो मिळकतीचा, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा. मोजणी करणारा ज्या क्रमाने गेला त्या क्रमाने नंबर पडले. त्यामुळे पाठीला पाठ लावलेल्या दोन वाड्यांचे नंबर लागोपाठचे असू शकतात आणि दारं दोन वेगळ्या रस्त्यांवर. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या की नंबराला अ, ब, क फुटतात. वाडा पडून इमारत होते, तिला 'गणेशकृपा' असं नाव मिळतं, आणि अशा गणेशकृपा पुण्यात किती असतील ते गणपतीच जाणे.

उपनगरांत याहून मजा. कोथरूड, धायरी, वडगाव ही मुळात शेतं. पत्ता असतो 'स. नं. अमुक, हिस्सा तमुक'. तो सर्व्हे नंबर ज्वारीच्या शेताचा आहे, त्यावर आज बारा सोसायट्या उभ्या आहेत. फोनला तो नंबर दिलात तर तो शेताच्या मध्यावर नेऊन सोडणार. तिथे कुणाचा तरी जिना असतो किंवा पाण्याची टाकी. प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, तिथे माणूस सुखाने पोहोचतो. पण असे भाग थोडे.

म्हणून पुणेकर पत्ता 'सांगतो'. पत्र्या मारुतीपासून डावीकडे, खुन्या मुरलीधरापाशी विचारा. बाहेरचे हसतात, मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मोजणी सुरू करायला कायम खूण लागते. विहीर, हद्दीचा दगड, देऊळ, जे हलणार नाही असं काहीतरी. गावाने मारुती धरला. रस्त्याचं नाव महापालिका बदलू शकते, मारुतीचं बदलून दाखवा! नळस्टॉपला तर ज्या नळावरून नाव पडलं तो नळ शोधून सापडायचा नाही, तरी रिक्षावाला बरोबर तिथेच थांबतो.

पत्ते आकड्यांत बसवण्याचा मोठा प्रयत्न एका मराठी माणसाने केला. श्रीराम भिकाजी वेलणकर, संस्कृतचे पंडित आणि दळणवळण मंत्रालयातले अधिकारी. १५ ऑगस्ट १९७२ ला सहा आकडी पिन कोड सुरू झाला. एकाच नावाची गावं, नाना लिप्या, न लागणारं अक्षर, या सगळ्यावर तो तोडगा होता. ४११०३० लिहिलं की पत्र सदाशिव पेठेच्या टपाल कचेरीत येणार. तिथून पुढे पोस्टमनची स्मरणशक्ती.

मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला. सगळ्या देशावर साधारण चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन आखले आणि प्रत्येकाला दहा अक्षरी खूण दिली. कल्पना मला आवडली. वाडीवस्तीवरच्या माणसालाही आता सांगण्याजोगी खूण आहे. मोजणीदार म्हणून दोन शंका मात्र येतात. फोनची चूक पाच मीटर आणि चौकोन चार मीटरचा. म्हणजे अंगणात उभं राहून काढलेली खूण शेजाऱ्याच्या अंगणाची निघू शकते. आणि चौकोन जमिनीवर आहे. तळमजल्यावरचा मी आणि माझ्या डोक्यावर चौथ्या मजल्यावर राहणारे, आम्हा दोघांना खूण एकच.

उंचीचं हे दुखणं चांदणी चौकात दिसतं. जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवे पूल आणि रॅम्प खुले झाले. उपग्रह सगळे आपल्या डोक्यावर, पायाखाली एकही नाही, म्हणून फोनला आडवी जागा जितकी नेमकी कळते तितकी उंची कळत नाही. पुलावर आहात की पुलाखाली, हे तो अंदाजाने ठरवतो. आमचे जावई बावधनला निघाले होते, वारज्याकडे उतरले. आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल नदीत जातो. तेव्हा फोनवरचा रस्ता पाहण्याआधी नदी पाहावी.

आता त्या पार्सलवाल्या पोराकडे येतो, बिचारा अजून भिंतीशी उभा आहे. चूक कुणाची होती? माझी. ऑर्डर देताना मी स्वयंपाकघरात चहा घेत बसलो होतो आणि जिथे बसलो होतो तिथेच नकाशावर पिन रोवली. वाट काढणारं यंत्र काय करतं, पिनला सगळ्यात जवळचा रस्ता शोधतं आणि माणसाला तिथे नेऊन उभं करतं. जवळचा रस्ता होता मागचा बोळ. मध्ये भिंत आहे हे त्याला कोण सांगणार? पिन घरावर रोवायची नसते, फाटकावर रोवायची असते. जन्मभर लोकांच्या हद्दी मोजल्या आणि स्वतःचं फाटक विसरलो.

पोराला म्हटलं, वळसा घालून ये. तो म्हणाला, "काका, अजून सहा ठिकाणी जायचंय." तेवढ्यात आमची ही माळ्यावरून आंबे उतरवायचा झेला घेऊन मागच्या दारी आली. बांबू भिंतीवरून पलीकडे सरकवला, त्याने पार्सल जाळीत टाकलं. रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. मग पलीकडून आवाज आला, "काका, ओटीपी?" तो मी भिंतीवरून ओरडून सांगितला. बोळातल्या चार घरांना पाठ झाला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात उभा राहून पिन सरकवली. झेला मात्र हिने परत माळ्यावर टाकू दिलेला नाही.

नमस्कार.