काळ्या दगडाच्या मागावर : एटना आणि पायथ्याची गावं

(दृश्य : राखेचा उतार, एका ओळीत चढणारा गट, माथ्यावर धूर)

हा धूर रोजचाच. सिसिली बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर उभा असलेला एटना हा युरोपातला सर्वांत उंच जागृत ज्वालामुखी. उंची ३,३०० मीटरच्या वर. नेमका आकडा विचारू नका, तो बदलत राहतो. एका उद्रेकात माथ्यावर भर पडते, दुसऱ्यात कडा ढासळतो.

आमचा गट पुण्याचा. सह्याद्रीच्या कातळावर पाय मुरलेले. तो कातळ म्हणजेही लाव्हाच, फक्त सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी निवलेला. इथे रिफूजियो सापिएन्झाच्या तळावर बुटाखाली आहे तो दगड २००१ सालचा. गटातल्या निम्म्या लोकांपेक्षा वयाने लहान.

वर जायला केबलकार आहे. २,५०० मीटरवर नेऊन सोडते. आम्ही पायी निघालो, कारण हा डोंगर पायांनाच कळतो. दोन पावलं चढायची, एक पाऊल घसरायचं. आपल्याकडचा घसारा बरा म्हणावा अशी ही सुटी राख.

(दृश्य : वाटाड्याचा हात, राख उकरताना, जवळून)

हा आमचा वाटाड्या, निकोलोसी गावचा. डोक्यावर हेल्मेट घातल्याशिवाय त्याने कुणाला पुढे जाऊ दिलं नाही. त्याने वीतभर राख उकरली आणि म्हणाला, ठेवा हात. ठेवला, आणि चटकन काढून घेतला. आतली राख ओली होती, वाफाळत होती. बाजूला उचललेला दगड मात्र थंडगार. सच्छिद्र, कडेने धारदार. हातमोजे का आणायला सांगितले होते ते तेव्हा उमगलं.

कुठवर चढायचं हे विवरांच्या मनःस्थितीवर ठरतं आणि प्रशासन ते जाहीर करतं. जून २०२५ मध्ये माथ्यावरच्या आग्नेय दिशेच्या विवराची बाजू कोसळून तप्त राखेचा लोट खाली आला, लोक पळत सुटले. कुणी दगावलं नाही.

(दृश्य : वाल्ले देल बोवे, काठावरून)

ही प्रचंड घळ म्हणजे वाल्ले देल बोवे. डोंगराची पूर्वेकडची बाजू ढासळून झालेली. पुढच्या गोष्टीची सुरुवात हिच्यात आहे.

१४ डिसेंबर १९९१. एटनाची कूस फुटली. लाव्हा या घळीतून खाली झाफेराना गावाच्या रोखाने निघाला. सैन्याने आणि अग्निशमन दलाने मातीचा बांध घातला. लांबी २३४ मीटर, उंची २१. एप्रिलमध्ये लाव्हा त्याच्यावरूनही ओसंडला. मग आणखी बांध. तेही पुरले नाहीत.

अडचण लाव्हाच्या चालीत होती. वाहताना त्याची वरची साय घट्ट होते आणि खाली बोगदा तयार होतो. बोगद्यात उष्णता टिकते, म्हणून लाव्हा न निवता मैलोन् मैल येतो. खाली अडवून भागणार नव्हतं, उगमाशीच काहीतरी करायला हवं होतं. हेलिकॉप्टरमधून काँक्रीटचे ठोकळे बोगद्याच्या उघड्या तोंडात टाकून पाहिले. शेवटी मे १९९२ च्या अखेरीस, सुमारे २,००० मीटर उंचीवर, मुख्य प्रवाहाशेजारी नवा चर खणला आणि मधली भिंत सात टन स्फोटकांनी उडवली. बांध फोडून पाटाचं पाणी दुसऱ्या रानात सोडावं, तसा लाव्हा नव्या चरात वळला. उघड्यावर आला, निवू लागला. खालचा प्रवाह उपाशी पडला.

झाफेराना वाचलं. काही बागा आणि घरं गेली. लाव्हा थांबला तिथे आता मेरीची मूर्ती आहे.

असा प्रयत्न १६६९ मध्येही झाला होता. पायथ्याच्या कातानिया शहराची माणसं ओली कातडी पांघरून, लोखंडी कांबी घेऊन लाव्हाची कड फोडायला गेली. प्रवाह वळला तर आपल्या गावावर येईल हे ओळखून पातेर्नोचे लोक हत्यारं घेऊन आडवे आले. काम तिथेच थांबलं.

(दृश्य : चिरकुमएत्नेआची गाडी, खिडकीतून काळी भिंत)

एटनाला वळसा घालणारी ही नॅरोगेज गाडी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची. खिडकीतून दिसतात त्या भिंतींना चुना नाही, माती नाही. दगडावर दगड नुसता बसवलेला. शेत करायचं तर आधी दगड वेचायचा आणि वेचलेल्या दगडाचा बांध घालायचा.

ब्रोन्तेत हे काम थेट लाव्हावर चालतं. ही झाडं पिस्त्याची, भेगांमध्ये रुजलेली. पीक एकाआड एक वर्षी, विषम सालात. मधल्या सम सालात कळ्या हाताने खुडून टाकतात, झाडाला विसावा मिळावा म्हणून. तोडणीही हातानेच, कारण या खडबडीत जमिनीवर यंत्र चढत नाही. गळ्यात पिशवी आणि तोल सांभाळत उभी असलेली ही बाई बघा. भाव ऐकून आमच्यातले दोघं गप्प झाले, पण हे पाहिल्यावर कुणी घासाघीस केली नाही.

रांदात्झो. चर्च, कमानी, घरांचे उंबरे, सगळं काळं. १९८१ चा लाव्हा गावाजवळून निघून गेला. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यांनी मात्र बरंच गाव पाडलं.

(दृश्य : कातानिया, उर्सिनो किल्ला, मग चौक)

कातानियाचा उर्सिनो किल्ला तेराव्या शतकात बांधला तेव्हा समुद्राला लागून होता. १६६९ चा लाव्हा त्याला वेढून पुढे समुद्रात शिरला आणि किनाराच दूर सरकला. किल्ला जागेवर राहिला. चोवीस वर्षांनी भूकंपात शहर कोसळलं, आणि पुन्हा उभारताना तोच काळा दगड हाताशी होता. पायाखालची फरसबंदी त्याचीच, भिंतींवरचे काळे पट्टे त्याचेच.

राख पडली की विमानतळ बंद, दुचाक्यांना मनाई आणि गच्च्यांवर झाडू.

मुख्य चौकात वास्तुविशारद वाक्कारिनीने १७३६ मध्ये उभारलेलं कारंजं आहे. त्यावरचा हत्तीही लाव्हाचा, सोंड उंचावलेला, पाठीवर इजिप्शियन धाटणीचा स्तंभ. हा या शहराचा मानाचा प्राणी. गटातल्या काकूंनी त्याला मनोभावे नमस्कार केला आणि मग फोटोसाठी आम्हा सगळ्यांना ओळीत उभं केलं.