पहिली नोकरी आणि अनुभवाची अट

श्रोतेहो, नमस्कार.

इंजिनीअरिंगचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की आपल्या कोल्हापुरात एक प्रश्न सुरू होतो. "लागलास काय रं कुठं?" विचारणारा मायेनंच विचारतो. पण चार-सहा महिने उलटले, की ते पोरगं लग्नाकार्याला जायचं टाळायला लागतं. गोकुळ शिरगावात फौंड्रीच्या, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्याच्या, क्वालिटी विभागात काम करताना अशी मुलंमुली मुलाखतीला समोर बसतात, म्हणून आज हा विषय घेतला.

पहिलं आईवडिलांशी बोलतो. पोरगं कमी पडलं, असं लगेच ठरवू नका. 2023-24 या आर्थिक वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीनच आयटी कंपन्यांची माणसं मिळून 60 हजारांहून जास्त कमी झाली. कॅम्पसमध्ये येऊन मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलच्या मुलांनाही एकगठ्ठा उचलणाऱ्या याच कंपन्या. तिथली भरती आखडली, की ती सगळी मुलं मूळ शाखेच्या नोकऱ्यांकडं वळतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेच्या औद्योगिक वसाहतींच्या गेटवर अर्ज वाढतात आणि जागा तेवढ्याच राहतात. त्यात आपल्या फौंड्र्यांचं काम वाहनं, ट्रॅक्टर, पंप यांच्या मागणीवर चालतं. तिकडं ऑर्डर घटली, की इथं पहिल्यांदा नवी भरती थांबते.

आणि जी जाहिरात निघते तिच्यात लिहिलेलं असतं, किमान दोन वर्षांचा अनुभव हवा. तो अनुभव त्या मुलानं आणायचा कुठून? ही अट सगळ्यांनीच घातली तर दोन वर्षांनी अनुभवी माणूस कुणालाच मिळणार नाही. कारखानदार बंधूंनो, आपलं उद्यमनगर, ही कोल्हापुरातली कारखान्यांची वसाहत, कसं उभं राहिलं ते आठवा. म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिरांच्या हाताखाली पोरं कच्चीच आली आणि काम करत करत तयार झाली. त्यांच्याकडं कुणी अनुभवाचा दाखला मागितला नव्हता.

यात पैशाची अडचण असते, ते मी रोज बघतो. त्यासाठी सरकारची शिकाऊ उमेदवारी योजना आहे, नॅट्स म्हणतात तिला. मूळ कायदा 1961 चा. पदवीधरांना साधारण एक वर्षाचं प्रशिक्षण कारखान्यातच मिळतं. 2019 च्या नियमांनी पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना 9,000 रुपये आणि डिप्लोमावाल्याचं 8,000 रुपये ठरवलं. या किमान रकमेतला निम्मा वाटा केंद्र सरकार उचलतं. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि चार माणसांच्या वर्कशॉपलाही ते घेता येतात. पण घेतलेल्या मुलाला वर्षभर फायली उचलायला लावू नका. त्याला भट्टीजवळ उभं करा, साच्याची वाळू तपासणाऱ्या सँड लॅबमध्ये बसवा, गिऱ्हाइकाची तक्रार आली की उत्तर लिहिताना शेजारी घ्या.

आता मुलामुलींनो, तुमच्यासाठी. बायोडाटात दहा सॉफ्टवेअरची नावं असतात, प्रोजेक्ट चौघांचा असतो. यातलं तू स्वतः काय केलंस, असं विचारलं की गप्प बसणारे पुष्कळ भेटतात. मला तुमच्याकडून फार थोडं हवं असतं. ड्रॉइंग वाचता यावं, टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, कळावं, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ही मापं घेण्याची साधनं नीट धरता यावीत. फौंड्रीत यायचं असेल तर रिजेक्शन, म्हणजे माल नापास का होतो, ते समजून घ्या. कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लोहोल, म्हणजे वायूमुळं भोक, पडलं तर साच्याच्या वाळूतला ओलावा बघायचा, कोअरमधून, म्हणजे आतली पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्यातून, वायू नीट बाहेर पडतोय का ते बघायचं. कोल्ड शट, म्हणजे धातूचे प्रवाह एकमेकांत नीट न मिसळल्याची रेघ, दिसली तर धातू ओतताना थंड पडला होता का, ते तपासायचं. श्रिंकेज, म्हणजे धातू आकसून पडलेली पोकळी, आली तर रायझर, म्हणजे जादा धातू पुरवणारा साच्यातला साठा, पुरेसा होता का, हा प्रश्न. एवढं समजून बोलणारा मुलगा पहिल्या पाच मिनिटांत वेगळा दिसतो, मग त्याचे मार्क कितीही असोत. ओळखीच्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये महिनाभर रोज जाऊन बसलात तरी यातलं बरंचसं हाताखालून जातं. नोकरी मिळेपर्यंतचे महिने असे घालवा. त्या वर्कशॉपचं नाव बायोडाटात लिहायला लाजू नका, मला तर ते आवर्जून वाचायला आवडतं.

मुलींबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. क्वालिटी, डिझाइन, धातू तपासणारी मेटलर्जी लॅब, या कामांत मुली उत्तम तयार होतात. तरीही "शिफ्टचं कसं करणार?" एवढ्या एका प्रश्नावर त्यांचे अर्ज बाजूला पडतात. कारखान्यानं दिवसपाळी आणि शहरातून जाण्यायेण्याची गाडी, एवढी सोय केली तर तो प्रश्नच उरत नाही. तेवढी ती करावी.

आणि शेवटी सावधगिरीचं. नोकरी लावतो म्हणून डिपॉझिट, ट्रेनिंगची फी, लॅपटॉपचे पैसे मागणारे फोन येतात. थकलेलं घर अशा वेळी पटकन फसतं. नोकरीसाठी कुणालाही एक रुपया देऊ नका. मूळ मार्कशीट आणि डिग्री सर्टिफिकेट कंपनीकडं ठेवून घेतो म्हणाले तरी देऊ नका; तपासायला दाखवा, झेरॉक्स द्या. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या बाँडवर सही करायची असेल तर आधी तो कागद घरी आणा, शांतपणे वाचा, ओळखीच्या वकिलाला दाखवा. आजच सही करा, अशी घाई जो करेल, त्याला त्या दिवशी तरी सही देऊ नका.

नमस्कार.