पांढुर्ण्यापलीकडचे रोमिंग

[दृश्य : सकाळची संत्र्याची बाग, ठिबकच्या काळ्या नळ्या, दूरवर सातपुड्याची रांग.]

अमरावती जिल्ह्यातील वरुड तालुक्याला मध्य प्रदेशाची हद्द लागून आहे. त्यामुळे येथील संत्रा बागायतदारांना 'रोमिंग' हा शब्द फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संत्र्याची गाडी घेऊन पांढुर्ण्याच्या बाजारात गेले, की मोबाईल महाराष्ट्राचे सर्कल, म्हणजे मोबाईल सेवेचा विभाग, सोडून दुसऱ्या सर्कलमध्ये जात असे आणि घरून आलेला फोन उचलण्याचेही पैसे कापले जात. देशातले ते रोमिंग आता संपले आहे.

याच तालुक्यातील साठीतले एक बागायतदार मे महिन्यात शेतकऱ्यांच्या गटासोबत नेदरलँड्स, जर्मनी, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स अशा अभ्यासदौऱ्यावर गेले. निघण्याआधी तीन दिवस त्यांच्या ओट्यावर जे चालले होते, ते आम्ही सविस्तर चित्रित केले, कारण आमच्या मते दौऱ्यातला सर्वांत उपयोगी धडा तोच होता.

[दृश्य : ओटा. सासरे आणि सून समोरासमोर, मध्ये पाटावर मोबाईल.]

सून फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबते. पडद्यावर आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकासोबत ईआयडी हा ई-सिमच्या चिपचा ३२ अंकी ओळख क्रमांक दिसतो, म्हणजे या फोनमध्ये ई-सिमची सोय आहे. ई-सिम हे बाहेरून घालायचे कार्ड नसते. फोनच्या आत कायमची बसवलेली एक चिप असते आणि क्यूआर कोड स्कॅन केला की नव्या कंपनीची जोडणी इंटरनेटवरून तिच्यात उतरते. ही जोडणी उतरवायलाच इंटरनेट लागत असल्यामुळे हे काम परक्या विमानतळावर पोहोचल्यावर नव्हे, तर घरी बसून उरकायचे असते.

परदेशात चालणारा ई-सिमचा पॅक घेण्याआधी सून देशांची यादी बोट ठेवून वाचते आहे, ते लक्षपूर्वक पाहावे. युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपल्या सदस्य देशांमधील रोमिंगचे जादा शुल्क रद्द केले आणि २०२२ मध्ये त्या नियमाची मुदत २०३२ पर्यंत वाढवली. नेदरलँड्समध्ये घेतलेले सिम त्यामुळे जर्मनीत आणि फ्रान्समध्येही जादा शुल्काशिवाय चालते. मात्र ही सवलत युरोपीय संघातील सिमला आहे, वरुडहून नेलेल्या सिमला नाही. आणि स्वित्झर्लंड युरोपच्या मध्यभागी असूनही युरोपीय संघात नसल्याने तो नियम त्याला बांधत नाही. पहिल्या पॅकच्या यादीत स्वित्झर्लंड नव्हते, म्हणून सुनेने ते सोडून दुसरे घेतले.

"मामाजी, हे आपलं सिम चालूच ठेवजा, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येईन. पण याचं डेटा रोमिंग बंदच राहू द्या."

"मले पुन्हा एकडाव दाखव वं."

ती पुन्हा दाखवते. नंतर फोन त्यांच्या हातात देते आणि संत्री तोडून निबर झालेला त्यांचा अंगठा ते बटन स्वतः बंद करतो, चालू करतो, पुन्हा बंद करतो. व्हॉट्सॲपने नंबर बदलायचा का असे विचारले, तर नाही म्हणायचे. फोटोंचे आपोआप होणारे बॅकअप थांबवायचे. शहरांचे नकाशे घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवायचे. दौऱ्याच्या पूर्वतयारी बैठकीत कपडे, औषधे आणि जेवण यांवर तासभर चर्चा झाली होती, मोबाईलविषयी मात्र 'हॉटेलात वायफाय असते' एवढेच सांगण्यात आले होते. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला हा अर्धा तास मराठीतून आणि स्वतःचा फोन हातात घेऊन मिळायला हवा, असे आम्हांला मनापासून वाटते.

[दृश्य : धावत्या बसमधून टिपलेला रस्ता, नंतर मोबाईलचा पडदा.]

पुढील दृश्ये गटातल्याच एका शेतकऱ्याने टिपली आहेत. बस जर्मनीतून स्वित्झर्लंडमधील बासेल शहरात शिरते आहे. प्रत्येक सिमच्या ओळख क्रमांकाचे पहिले तीन अंक देश सांगतात: भारताचे ४०४ किंवा ४०५, जर्मनीचे २६२, स्वित्झर्लंडचे २२८. टॉवरही आपला क्रमांक सतत प्रक्षेपित करत असतो आणि तो सिमच्या क्रमांकाशी जुळला नाही, की फोन आपण पाहुणे आहोत हे ओळखतो. मग स्थानिक कंपनी सिमच्या मूळ कंपनीला विचारते आणि तिचा होकार आल्यावरच जोडणी देते. पडद्यावरच्या सिग्नलच्या रेषा नाहीशा होऊन पुन्हा उमटेपर्यंत जो वेळ गेला, तो या विचारपुशीचा.

बासेलजवळ स्वित्झर्लंड, जर्मनी आणि फ्रान्स या तिन्ही देशांच्या सीमा ऱ्हाईन नदीत एकत्र येतात. काठावर उभे राहिले तर तिन्ही देशांचे टॉवर फोनला खुणावतात आणि तो कधी इकडे, कधी तिकडे जातो. अशा ठिकाणी नेटवर्कची आपोआप होणारी निवड बंद करून हवे ते नाव स्वतः निवडावे लागते. येथे मामाजींनी ते कोणालाही न विचारता केले आहे.

गटातील दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या भारतीय सिमचे डेटा रोमिंग चालू राहिले होते. पुढच्या महिन्यात आलेले बिल त्यांनी खतासाठी ठेवलेल्या पैशांतून भरले.

[दृश्य : दोन पडदे शेजारी. एकीकडे हॉटेलची खिडकी, दुसरीकडे बाग.]

स्वित्झर्लंडमध्ये सकाळचे सात वाजले आहेत आणि वरुडमध्ये साडेदहा. मुलगा फोन जमिनीकडे वळवून झाडाखाली गळून पडलेली आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलोऱ्याची, फळे दाखवतो. ती सुपारीपेक्षा थोडी मोठी आहेत. वडील त्याला फोन आणखी खाली, खोडाजवळच्या ओलीपर्यंत न्यायला सांगतात आणि किती वेळ पाणी दिले ते विचारतात. यापुढचे बोलणे त्या दोघांच्याच आवाजात ऐकू या.