पाच मात्रा, आठ ओळी

(दृश्य : कळंगुटच्या किनाऱ्याकडे जाणारा रस्ता. दुकानांच्या दर्शनी भागात टांगलेले टी-शर्ट वाऱ्यावर हलत आहेत.)

गोव्याच्या किनारपट्टीवरील दुकानांत टी-शर्टांवर माड, मासे आणि सूर्यास्त वर्षानुवर्षे त्याच रूपात दिसतात. त्यांच्या जोडीला अधूनमधून शंखाचे एक चित्रही आढळते, ज्यात लहान होत जाणाऱ्या चौकोनांतून एक वळणदार रेघ आत शिरलेली असते. ही रेघ सुवर्ण गुणोत्तराची खूण म्हणून छापली जाते. एका रेषेचे दोन भाग असे पाडले की संपूर्ण रेषेचे मोठ्या भागाशी जे प्रमाण आहे तेच मोठ्या भागाचे लहान भागाशी राहील, तर ते प्रमाण सुमारे 1.618 येते, आणि युक्लिडने भूमितीच्या आपल्या ग्रंथात त्याची व्याख्या दिलेली आहे. शंखाचा मात्र या आकड्याशी फारसा संबंध नाही. सुवर्ण गुणोत्तराची वळणरेषा एका पूर्ण फेऱ्यात जवळजवळ 6.85 पट मोठी होते, तर नॉटिलस या शंखाचे वळण तेवढ्याच फेऱ्यात साधारण तिपटीने वाढते. छातीवर मिरवायचेच असेल, तर गणित निदान खरे असावे, असे आम्हाला वाटते, म्हणून आमच्या टी-शर्टासाठी आम्ही कवितेच्या मात्रांच्या गणितातून निघालेले चित्र घेतले.

अननस या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. बाजारातला कोणताही चांगला अननस हाती घेऊन त्याच्या डोळ्यांच्या तिरप्या ओळी मोजल्या, तर बहुधा एका दिशेने 8 आणि दुसऱ्या दिशेने 13 ओळी भरतात. 1, 2, 3, 5, 8, 13 अशा या मालिकेत प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांच्या बेरजेइतकी असते, आणि शेजारच्या दोन संख्यांचे गुणोत्तर पुढे पुढे 1.618 च्या जवळ सरकत जाते. इटलीतील फिबोनाची याने 1202 मध्ये ही मालिका सशांच्या जोड्यांच्या उदाहरणातून मांडली आणि जगाने तिला त्याचे नाव दिले. परंतु त्याच्या सुमारे अर्धशतक आधी, 1150 च्या आसपास, जैन पंडित आचार्य हेमचंद्र यांनी हाच नियम छंदशास्त्रात, म्हणजे पद्यरचनेच्या शास्त्रात, सांगितला होता, आणि त्यांच्याही आधी छंदशास्त्रकार विरहांक याला तो ठाऊक होता.

(दृश्य : पाटीवर खडूने लघू आणि गुरू यांच्या खुणा काढणारा हात.)

प्रश्न साधा होता. लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन मात्रा धरल्या, तर ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येते? तीन मात्रांची ओळ 3 प्रकारे भरते, चार मात्रांची 5, पाच मात्रांची 8 आणि सहा मात्रांची 13 प्रकारे. आमच्या टी-शर्टाचे चित्र याच उत्तरातून तयार झाले आहे. लघूसाठी एक चौकोन आणि गुरूसाठी दुप्पट लांबीची पट्टी घेऊन पाच मात्रांचे आठही प्रकार एकाखाली एक मांडले, की रुंदीला 5 आणि उंचीला 8 घरे असलेला आयत उभा राहतो. त्याचे प्रमाण 1.6 आहे, म्हणजे सुवर्ण आयत जवळजवळ आपसूकच हाती येतो. सहा मात्रांना 13 ओळी आणि सात मात्रांना 21 ओळी होत असल्यामुळे तिथे आकृती उंच आणि अरुंद होत जाते. ही सोय पाचलाच आहे. आठ ओळींत मिळून 20 लघू आणि 10 गुरू येतात, त्यामुळे 40 घरांपैकी निम्मी लघूंची आणि निम्मी गुरूंची होतात. गुरू भरीव लाल आणि लघू पोकळ ठेवला, तर कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकड्यांची आठवण होते. रंग एकच असल्याने स्क्रीनही, म्हणजे छपाईची जाळीही, एकच पुरते.

या आठ ओळींना आम्ही गोव्यातील नावे दिली. प्रस्ताराच्या, म्हणजे लघू-गुरूंचे सर्व प्रकार ओळीने मांडण्याच्या, पारंपरिक क्रमाने पहिली ओळ लघू, गुरू, गुरू अशी आहे, आणि डिचोली या नावात नेमका तोच क्रम आहे. त्याखाली म्हापसा, मग कुडचडे, बार्देश, मडगाव, कळंगुट आणि धारगळ अशी नावे बसतात. उच्चारात शेवटचा अकार गळतो हे खरे असले, तरी छंदात लिहिलेले अक्षर मोजतात, म्हणून मडगावच्या अखेरच्या व ची एक मात्रा धरली आहे. आठव्या ओळीत पाचही अक्षरे लघू आहेत. तिला गावाऐवजी ‘खळखळत’ हा शब्द दिला आहे.

(दृश्य : छपाईचा छोटा कारखाना. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी.)

कागदावर जमलेले प्रमाण अंगावर टिकतेच असे नाही. शिल्पशास्त्रातील नवताल या मूर्तीच्या मापनपद्धतीत शरीराची उंची 108 अंगुळे मानतात आणि कंठापासून नाभीपर्यंत 24 अंगुळे धरतात. 170 सेंटीमीटर उंचीच्या माणसाला हा हिशोब लावला, तर ते अंतर सुमारे 38 सेंटीमीटर येते. गळपट्टीखाली तीन बोटे सोडून उरलेल्या जागेत 32 सेंटीमीटर उंचीचे चित्र बसते, म्हणून आम्ही प्रत्येक घर 4 सेंटीमीटरचे ठेवले आणि चित्राची रुंदी 20 सेंटीमीटर झाली. होजियरीचे कापड मात्र उभ्यापेक्षा आडवे अधिक ताणले जाते. घट्ट बसणाऱ्या टी-शर्टात रुंदी 5 टक्क्यांनी वाढली, तरी 1.6 चे प्रमाण 1.52 वर उतरते, आणि त्यासाठी मूळ चित्र किंचित अरुंद करावे की अंगाबरोबर ताणले जाऊ द्यावे, यावर आमच्यात बराच वाद झाला. शेवटी चित्र तसेच ठेवले आणि टी-शर्ट सैल मापाचे निवडले.

चित्राच्या पारदर्शक फिल्मवरच्या काळ्या पट्ट्यांखालील इमल्शनला, म्हणजे जाळीवरच्या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या लेपाला, प्रकाश लागत नाही, म्हणून ते घट्ट न होता पाण्याने धुऊन जाते आणि तेवढ्याच जागेतून रंग कापडावर उतरतो. शेजारी आलेले दोन गुरू रंग पसरून एकमेकांत मिसळू नयेत, यासाठी त्यांच्यामध्ये 2 मिलिमीटरची फट ठेवावी लागली. बार्देशच्या ओळीत ही फट पहिल्या नमुन्यावर बुजली होती आणि दोन गुरूंची एकच लांब पट्टी दिसत होती. दुसऱ्या नमुन्यात स्क्वीजीवरचा, म्हणजे जाळीवरून रंग ओढायच्या पट्टीवरचा, दाब कमी केल्यावर ती मोकळी झाली.

(दृश्य : दोरीवर वाळत घातलेले पांढरे टी-शर्ट. कॅमेरा डिचोलीपासून एकेक ओळ खाली सरकत ‘खळखळत’वर थांबतो.)