विद्यावेतनाविना: सागरी सस्तन प्राण्यांची शुश्रूषा आणि मुंबईचे विद्यार्थी

(दृश्य: पहाटेचा ससून डॉक. मासळीच्या पाट्या बोटींतून धक्क्यावर उतरत आहेत.)

मुंबईच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकणाऱ्या, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्या किंवा वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत संशोधन करणाऱ्या तरुणांपैकी काही जणांच्या मनाने डॉल्फिन, सील, समुद्रसिंह आणि देवमासे यांचाच ध्यास घेतलेला असतो. या क्षेत्रात पाऊल कसे टाकायचे याची चौकशी सुरू केली की त्यांच्यासमोर थोड्याफार फरकाने एकाच नमुन्याची जाहिरात येते. परदेशातील एखाद्या सागरी सस्तन प्राण्यांच्या शुश्रूषा व शिक्षण केंद्रात तीन-चार महिन्यांची इंटर्नशिप, आठवड्याला 40 तासांपर्यंत काम, राहण्याची सोय स्वतः करावी, स्वतःचे वाहन असल्यास उत्तम, आणि अगदी शेवटच्या ओळीत विद्यावेतन दिले जाणार नाही. या शेवटच्या ओळीविषयी हा माहितीपट आहे.

ही वाट परदेशातून का जाते, हे आधी स्पष्ट करायला हवे. भारतात डॉल्फिन पाळून त्यांचे खेळ दाखवणारी केंद्रे नाहीत, आणि ती नसावीत हा आपला जाणीवपूर्वक घेतलेला निर्णय आहे. 1998 मध्ये चेन्नईजवळच्या एका उद्यानात आणलेले डॉल्फिन अल्पावधीतच मरण पावले होते. पुढे काही राज्यांतून अशा प्रकल्पांचे प्रस्ताव पुन्हा येऊ लागले, तेव्हा मे 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढून अशा कोणत्याही प्रकल्पाला मान्यता देऊ नये, असे राज्यांना कळवले. तो निर्णय योग्यच होता, असे आमचे मत आहे. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, जिवंत सागरी सस्तन प्राण्यावर उपचार कसे करतात, त्याला भरवतात कसे, त्याच्या रक्ताचा नमुना कुठून घेतात, हे हाताने शिकण्याची जागा आपल्या विद्यार्थ्यांना देशात जवळपास उरली नाही.

अमेरिकेत अशा जागा बऱ्याच आहेत. कॅलिफोर्नियातील सॉसलिटो येथे 1975 मध्ये स्थापन झालेले ‘द मरीन मॅमल सेंटर’ हे त्यांतील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एक असून तेथे हजाराहून अधिक स्वयंसेवक काम करतात. आजारी, जखमी किंवा आईपासून तुटलेली समुद्रसिंहांची आणि सीलची पिल्ले किनाऱ्यावरून उचलून आणायची, बरी करायची आणि पुन्हा समुद्रात सोडायची, हे अशा रुग्णालयांचे काम असते. काही केंद्रांत समुद्रात परतू न शकणारे प्राणी कायम ठेवलेले असतात आणि त्यांच्याभोवती शालेय सहलींसाठी शिक्षणाचे कार्यक्रम चालतात. दोन्ही ठिकाणी इंटर्न असतात, आणि त्यांतील अनेक इंटर्न बिनपगारी असतात.

(दृश्य: स्टीलची लांब टेबले, प्लॅस्टिकच्या बादल्या, शीतगृहाचे दार.)

इंटर्नचा दिवस कसा जातो, हे जवळून पाहण्यासारखे आहे, कारण जाहिरातीतील छायाचित्रात इंटर्न प्राण्याशेजारी दिसतो आणि प्रत्यक्षात त्याचा बराचसा वेळ मासळीच्या खोलीत जातो. गोठवलेले हेरिंग आदल्या दिवशी शीतगृहातून बाहेर काढून हळूहळू मऊ होऊ दिलेले असतात. आपल्या तारलीच्या नात्यातला हा मासा. सकाळी प्रत्येक मासा हातात घेऊन तपासायचा असतो. पोट फुटलेला, कातडी सोललेली किंवा डोळा बसलेला मासा बाजूला टाकायचा, कारण अशा जखमेतून जिवाणू शिरलेले असू शकतात आणि आजारी पिल्लाला ते सोसणार नाहीत. मग प्रत्येक प्राण्याच्या नावाची किंवा क्रमांकाची बादली वजनकाट्यावर ठेवून ठरलेल्या वजनाइतकी मासळी भरायची. मासे गोठवून साठवले की त्यांतील ब-1 जीवनसत्त्व कमी होते, आणि काही जातींच्या माशांत तर ते नष्ट करणारे विकरच (एन्झाइम) असते. म्हणून या जीवनसत्त्वाची गोळी एका माशाच्या कल्ल्यात खोचून तो मासा प्राण्याला आधी भरवतात. ज्या पिल्लाला अजून अख्खा मासा गिळता येत नाही, त्याच्यासाठी मासळी वाटून पातळ पेज करायची आणि ती नळीने पोटात सोडायची. कोणी किती खाल्ले, किती टाकले, उलटी झाली का, याची नोंद त्याच वेळी करायची. त्यानंतर बादल्या, सुऱ्या, टेबले, जमीन हे सारे निर्जंतुक द्रावणाने धुऊन काढायचे, आणि दुपारच्या खाण्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

या कामात शिकण्यासारखे काहीच नाही, असे कोणी म्हणू नये. आजाराचे पहिले लक्षण अनेकदा भूक मंदावण्यातच दिसते, आणि रोज बादली भरणाऱ्याच्या ते सर्वांत आधी लक्षात येते. परंतु पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हात बसला की पुढच्या दोन महिन्यांत इंटर्न जे करतो ते केंद्राचे रोजचे काम असते. तो एक दिवस आला नाही, तर त्याच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी बादल्या भराव्याच लागतात, कारण प्राणी उपाशी ठेवता येत नाहीत. ज्याच्या गैरहजेरीने काम अडते, तो कामगार असतो, असे आम्हाला वाटते.

अमेरिकेच्या कायद्याने हा प्रश्न विचारलेला आहे. 2015 मध्ये एका चित्रपट कंपनीच्या बिनपगारी इंटर्ननी लढवलेल्या खटल्यात न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने इंटर्नशिपचा मुख्य लाभ नेमका कोणाला होतो, ही कसोटी मांडली आणि जानेवारी 2018 मध्ये तेथील कामगार विभागाने ती सात निकषांसह स्वीकारली. शिकवणे किती आहे, अभ्यासक्रमाशी संबंध काय, इंटर्नमुळे पगारी माणसाचे काम हिरावले जाते का, असे ते निकष आहेत. मात्र धर्मादाय आणि ना-नफा संस्थांत मोबदल्याची अपेक्षा न ठेवता स्वेच्छेने केलेले काम सर्वसाधारणपणे वैध मानले जाते, आणि सागरी प्राण्यांची बहुतेक शुश्रूषा केंद्रे याच वर्गात मोडतात. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने विनावेतन इंटर्नशिपला तेथे फारशी अडचण येत नाही. आठवड्यातून एक सकाळ देणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला आणि वरिष्ठांच्या हाताखाली वेळापत्रकाने आठवड्याचे 40 तास राबणाऱ्या बावीस वर्षांच्या पदवीधराला एकच नियम लावला जातो. सवलत पहिलीसाठी रास्त आहे, दुसऱ्यासाठी नाही.

(दृश्य: विरारहून सुटणारी सकाळची लोकल. प्रथम फलाट, मग डब्यातील गर्दी.)

आता हिशेब मांडून पाहू. समजा, वसईची एम.एस्सी. करणारी एक विद्यार्थिनी कॅलिफोर्नियातील एखाद्या केंद्रात 12 आठवड्यांसाठी निवडली गेली. आठवड्याला 40 तास धरले तर ती 480 तास काम करील. कॅलिफोर्नियातील किमान वेतन 2025 मध्ये ताशी 16.50 डॉलर होते. त्या दराने तिच्या श्रमाचे मोल 7,920 डॉलर, म्हणजे साडेसहा लाख रुपयांहून अधिक होते. हे पैसे तिला मिळणार नाहीतच, उलट ती खर्च करील. इंटर्नसाठीच्या जे-1 व्हिसाच्या अर्जाचे 185 डॉलर, नोंदणीचे 220 डॉलर, सक्तीचा आरोग्यविमा, विमानभाडे आणि तीन महिन्यांचे घरभाडे, तेही किनाऱ्यालगतच्या महागड्या गावात. शिवाय या व्हिसासाठी उमेदवार शिकत असायला हवा किंवा पदवी घेऊन बारा महिने उलटलेले नसावेत, अशी अट आहे. आधी दोन वर्षे नोकरी करून पैसे साठवू आणि मग जाऊ, हा मध्यमवर्गीय घरातला नेहमीचा उपायही त्यामुळे हातचा जातो.

मग जाते कोण? ज्यांच्या आईवडिलांना हा खर्च झेपतो, ते जातात. ते मनापासून काम करतात, याबद्दल शंका नाही. तीन महिन्यांनंतर त्यांच्याकडे एक शिफारसपत्र असते, आणि या छोट्या क्षेत्रात, जिथे सगळेच एकमेकांना ओळखतात, त्या पत्राचे वजन पदवीपेक्षा जास्त भरते. पुढची नोकरी आधीचा अनुभव मागते. ज्याला पहिली बिनपगारी पायरी चढता आली नाही, त्याच्यासाठी वरच्या पगारी पायऱ्याही तिथेच संपतात.

वर्सोवा, माहीम, वरळीच्या कोळीवाड्यांत वाढलेल्या मुलांना कल्ला उघडून मासा ताजा की शिळा हे ओळखायला कोणी वर्गात शिकवलेले नसते. भरतीओहोटीची वेळ त्यांना तिथीवरून सांगता येते. किनाऱ्याजवळ डॉल्फिन कोणत्या महिन्यांत जास्त दिसतात, हे त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. मासळीच्या खोलीत जी नजर कमवायला नवशिक्या इंटर्नला काही आठवडे लागतात, ती नजर घेऊनच ही मुले मोठी होतात. या क्षेत्राला सर्वांत उपयोगी पडतील अशी हीच माणसे पैशाअभावी उंबऱ्याबाहेर राहतात, आणि आमच्या मते बिनपगारी पद्धतीचे सर्वांत मोठे नुकसान हे आहे. ते प्राण्यांचेही नुकसान आहे.

केंद्रांची बाजूही ऐकली पाहिजे. बहुतेक केंद्रे देणग्यांवर चालतात. एखाद्या वर्षी समुद्रात विषारी शैवाल वाढले की एकाच हंगामात शेकडो समुद्रसिंह झटके येत असलेल्या अवस्थेत किनाऱ्यावर येतात आणि सगळे अंदाजपत्रक कोलमडते. इंटर्नला पैसे द्यायचे तर मासळी आणि औषधे कशातून आणायची, असा त्यांचा सवाल असतो आणि तो खोटा नाही. पण मासळीवाल्याला, वीज कंपनीला आणि औषध दुकानदाराला कोणी फुकट माल द्या असे म्हणत नाही. काटकसरीची वेळ आली की ती नेमकी सर्वांत तरुण आणि सर्वांत गरजू माणसाच्या वाट्याला का येते, याचे उत्तर त्या सवालात मिळत नाही.

महाराष्ट्राने याच समुद्राच्या बाबतीत एक वेगळा पायंडा पाडला आहे. मच्छीमाराच्या जाळ्यात डॉल्फिन, कासव किंवा व्हेल शार्क यांसारखा संरक्षित जीव अडकला आणि त्याने जाळे कापून त्याला सोडून दिले, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना वन विभागाच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने डिसेंबर 2018 पासून सुरू केली. तिच्यामागचा विचार साधा आहे. समुद्री जीव वाचवणे हे पुण्याचे काम असले, तरी त्याचा भुर्दंड वाचवणाऱ्याच्या खिशाला बसू नये. किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला हे तत्त्व लागू होते, तर त्याच्या शिकणाऱ्या मुलीलाही ते लागू व्हायला हवे.

आपल्याकडे शिकाऊ माणसाला पैसे देण्याची रीत नवी नाही. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 मध्येच विद्यावेतनाची तरतूद आहे. पशुवैद्यकीय पदवीच्या शेवटच्या वर्षी इंटर्नशिप करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ते मिळते. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत बड्या कंपन्यांतील इंटर्नला दरमहा 5,000 रुपये देण्याचे ठरले. सागरी जीवांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्था मात्र यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाहीत. त्यामुळे परदेशी केंद्रांची बिनपगारी रीत इथेही अनुभवाच्या नावाखाली सहज रुळू शकते, आणि ती रुळण्याआधीच तिच्याविषयी बोलले पाहिजे.

(दृश्य: पावसाळ्यातील जुहूचा किनारा. गढूळ लाटा, वाहून आलेला कचरा, दूरवर काही माणसे वाकून काहीतरी मोजत आहेत.)

काम तर इथेही आहे. मुंबईच्या किनाऱ्याजवळ हम्पबॅक डॉल्फिन आणि फिनलेस पॉरपॉइज (डॉल्फिनसारखाच, पण पाठीवर पर नसलेला छोटा सस्तन प्राणी) राहतात. पावसाळ्यात त्यांचे मृतदेह किनाऱ्याला लागल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. जून 2015 मध्ये रेवदंड्याला सुमारे 42 फुटांचा निळा देवमासा जिवंत अवस्थेत किनाऱ्याला लागला आणि काही तासांत मेला. जानेवारी 2016 मध्ये जुहूला सुमारे 35 फुटांचा ब्रायडी जातीचा देवमासा मृतावस्थेत आला, तेव्हा बघ्यांच्या गर्दीतून वाट काढत अधिकाऱ्यांना आणि अभ्यासकांना काम करावे लागले. असा प्राणी आढळल्यास काय करायचे, याच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने जानेवारी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांचे पालन करायला प्रत्येक तालुक्यात शिकलेले हात हवेत. लांबी मोजणे, लिंग आणि जात ओळखणे, जाळ्याचे किंवा बोटीच्या पंख्याचे व्रण टिपणे, शवविच्छेदनाच्या वेळी पशुवैद्यांना मदत करणे आणि नमुने नीट साठवणे, ही कामे विद्यार्थी शिकू शकतात.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुंबई विद्यापीठाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला चार श्रेयांक (क्रेडिट) आहेत. एका श्रेयांकाला 30 तास धरले तर ते 120 तास होतात, आणि किनाऱ्यावरच्या नोंदींचा पावसाळ्यातील एक हंगाम त्यांत सामावतो. त्यासाठी महाविद्यालयाने संस्थेशी करार करताना तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: आठवड्याचे तास किती, शिकवणार कोण आणि विद्यावेतन किती. पूर्ण विद्यावेतन परवडत नसेल, तर निदान रेल्वेचा पास, एक वेळचे जेवण, रबरी बूट व हातमोजे आणि अपघातविमा यांचा खर्च संस्थेने किंवा महाविद्यालयाने उचलावा. परदेशी केंद्राचे पत्र हाती आलेल्या विद्यार्थ्यानेही होकार कळवण्याआधी हेच तीन प्रश्न लेखी विचारावेत आणि राहण्याची सोय मागून पाहावी. काही केंद्रे ती देतात, पण मागितल्याशिवाय तसे सांगत नाहीत. विभागप्रमुखांनी हे करार एप्रिलमध्येच केले, तर जूनच्या पहिल्या वाऱ्यांबरोबर किनाऱ्याला काही लागल्याचा फोन येईल तेव्हा वसईची ती विद्यार्थिनी भाड्याची चिंता न करता पहिली लोकल पकडू शकेल.