लंडनमध्ये कार्ड टॅप करताय? मशीनवर रुपये नको, पाउंडच!

नमस्कार मंडळी! लेक-जावई लंडनला आहेत, आईबाबा महिना-दीड महिना राहायला निघालेत. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, सगळं बॅगेत भरून झालंय. कार्डाचं काय? "आहे की पाकिटात!" अहो, पाकिटात आहे, पण चालू आहे का?

ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते भारतातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतंच चालू असतं. परदेशातला वापर आणि टॅप (म्हणजे कार्ड मशीनला नुसतं टेकवून पैसे देणं), दोन्ही तुम्हाला बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन सुरू करावं लागतं. हे इथूनच करून निघा. पिनही आठवून ठेवा, रक्कम मोठी असली की मशीन तो मागतंच.

आता लंडनची बस. तिथं २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे घेतच नाहीत. सुट्टे पुढे करून उपयोग नाही. चढताना पिवळ्या रीडरला कार्ड लावायचं, उतरताना काही नाही. ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, मात्र आत जाताना टॅप आणि बाहेर पडतानाही टॅप. डीएलआर, म्हणजे पूर्व लंडनमधल्या हलक्या रेल्वेच्या बऱ्याच स्टेशनांवर गेटच नसतं, माणूस गप्पा मारत सरळ बाहेर निघून जातो आणि जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. रीडर शोधा, टॅप करा, मग गप्पा.

इथंच आपल्या लोकांची गंमत होते. एका कार्डावर एकच माणूस! बाबांनी स्वतः टॅप करून तेच कार्ड मागे आईच्या हातात दिलं, तर ट्यूबचं गेट काही उघडायचं नाही. आईसाठी वेगळं कार्ड हवं; तुमच्याच खात्यावर घेतलेल्या जोड कार्डाचा (अ‍ॅड-ऑन) नंबर वेगळा असेल, तर तेही चालेल. नातू ११ वर्षांच्या आतला असेल तर तो तुमच्याबरोबर फुकट. आणि जाताना कार्ड, येताना फोन असं करू नका. फोनमध्ये भरलेलं कार्ड तेच असलं तरी त्या यंत्रणेला ते दोन वेगळे प्रवासी वाटतात. दिवसभरात ठरावीक रकमेपुढे भाडं लागत नाही, पण ती सवलतही एकाच कार्डाने टॅप करत राहिलात तरच मिळते. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्स्प्रेस तिथं चालतात. रूपे त्या यादीत नाही.

आता खरा भुर्दंड कुठं बसतो ते बघा. दुकानात मशीन अदबीनं विचारतं, रुपयांत देणार की पाउंडात? रुपये दिसले की आपल्याला बरं वाटतं. तिथंच फसतो आपण. समजा, पाउंड १२० रुपयांना आहे आणि बिल ५० पाउंडांचं, म्हणजे ६,००० रुपये. पाउंड निवडलात, तर तुमची बँक साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या व्यवहाराचं शुल्क, लावेल, २१० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३७ रुपये ८० पैसे. एकूण ६,२४७ रुपये ८० पैसे. रुपये निवडलेत, तर दर दुकानदाराच्या बाजूची कंपनी ठरवते, आणि तो दर सहसा महागच असतो. वर काही भारतीय बँका अशा व्यवहारावर पुन्हा स्वतःचं शुल्क लावतात. म्हणून पाउंडच. मशीन दुकानदाराच्या हातात असेल, तर तो बटण दाबण्याआधी "पाउंड्स, प्लीज" म्हणून टाका. लाजायचं कशाला?

मार्कअप सगळीकडे सारखा नसतो, शून्य मार्कअपची कार्डंही मिळतात. वर्षातून एकदा जाणाऱ्यानं त्यासाठी मोठी वार्षिक फी भरावी का? मला तरी पटत नाही. आणि क्रेडिट कार्डानं एटीएममधून रोख काढू नका. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

जाता जाता एक. बँकेचा १८०० वाला टोल-फ्री नंबर परदेशातून बहुतेक वेळा लागत नाही. +९१ ने सुरू होणारा नंबर शोधा आणि कागदावर लिहून घ्या, कारण पाकीट आणि फोन बऱ्याचदा एकाच पर्समध्ये असतात. दुसरं कार्ड? ते घरी, लेकीच्या कपाटात.